शंभरावा सुटलेला

देखरेख समिती येणार म्हटलं की दारूमुक्ती केंद्राला ताज्या रंगाचा वास यायचा. पाहणीची तारीख आठ दिवस आधी कळवायची, हा समितीचाच नियम. अचानक गेलं तर केंद्राची गैरसोय होते, असं अध्यक्षांचं म्हणणं. त्यामुळे दर तीन महिन्यांनी आठ दिवस तिथे धांदल उडायची. दर्शनी भिंत रंगवली जायची, चादरी बदलायच्या, न्हाणीघरातल्या नळाला चक्क पाणी यायचं आणि ज्यांचे हात फार थरथरत त्यांना मागच्या खोलीत ‘विश्रांती’ दिली जायची. मग समिती यायची. चहा व्हायचा, बिस्किटं व्हायची, कुणीतरी एखादी गादी बोटानं दाबून बघायचं आणि ‘छान’ म्हणायचं. एवढी देखरेख झाली की मंडळी गाडीत बसायची.

त्यांच्या मागून फाइल सांभाळत चालणारी बाई म्हणजे नगरपालिकेच्या आरोग्य विभागातली तपासनीस. ऑफिसात तिला सगळे ताई म्हणत, तिच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला शिपाईसुद्धा. ताईची जीभ फार तिखट होती, पण ती फक्त मनातल्या मनात चालायची. अध्यक्षांचं तिनं मनात ‘फीतकापे’ असं नाव ठेवलं होतं, कारण ते खिशात स्वतःची कात्री घेऊन फिरायचे. केंद्राचं उद्‌घाटन त्यांच्याच हस्ते झालं होतं आणि गावातल्या निम्म्या दारूच्या दुकानांचंही. दुसरे सदस्य होते निवृत्त मास्तर. त्यांना जगातल्या कुठल्याही दुःखात आधी शुद्धलेखनाची चूक दिसायची. तिसरे डॉक्टर होते. ते बैठकीत झोपायचे आणि ठराव मंजूर होताना बरोबर जागे व्हायचे. आणि केंद्राचे संचालक? तो माणूस इतका गोड बोलायचा की त्याच्याशी पाच मिनिटं बोलून आल्यावर ताईला हात धुवावेसे वाटायचे.

आता मनातल्या मनात सगळ्यांना नावं ठेवणाऱ्या या बाईनं स्वतः काय दिवे लावले होते, तेही सांगायला हवं. केंद्र दर महिन्याला जो फॉर्म भरून पाठवायचं, तो ताईनंच बनवला होता. चार वर्षांपूर्वी जुना फॉर्म एका पानात मावेना. सोळा रकाने आणि शेवटचे तीन कागदाच्या बाहेर. ते तीन होते ‘बरा झाला’, ‘निघून गेला’ आणि ‘मरण पावला’. ताईनं डोकं चालवलं. समितीला शेवटी कळायला काय हवं, तर किती खाटा मोकळ्या झाल्या. मग तिन्हींचा मिळून एकच रकाना केला आणि वर लिहिलं, ‘सुटला’. म्हणजे खाट सुटली, एवढंच तिच्या मनात होतं.

अध्यक्षांनी तो शब्द वाचला आणि ते हरखले. ‘सुटला! म्हणजे दारू सुटली! वा, ताई, एका शब्दात सगळं आलं!’ पहिल्याच वर्षी शेकडा चौऱ्याण्णव सुटले. वर्तमानपत्रात छापून आलं. ताईला प्रशस्तिपत्र मिळालं, ते तिनं काच लावून टेबलामागे टांगलं. त्या वेळी तिला खरं सांगता आलं असतं. साहेब, पळाला तोही यात आहे, मेला तोही यात आहे. पण सगळे टाळ्या वाजवत असताना असं कोण बोलतं? ती गप्प बसली. पुढे गप्प बसायची सवय झाली आणि मग त्यात गप्प बसण्यासारखं काही आहे, हेही ती विसरून गेली.

ते आठवून दिलं तिच्या धाकट्या भावानं.

धाकटा काचकाम करायचा. खिडक्यांना काचा बसवणं, आरसे कापणं. हिऱ्याच्या कलमानं अशी रेघ मारायचा की काच हलक्या हातानं दाबली तरी सरळ तुटायची. मग दारू आली आणि हाताचा नेम गेला. तळव्यांवर इतके व्रण झाले की गिऱ्हाइकं त्याला काम द्यायला घाबरू लागली. बायको मुलीला घेऊन माहेरी गेली. एका सकाळी ताई त्याला रिक्षात घालून केंद्रात घेऊन आली. दाखल करण्याच्या कागदावर ‘नातेवाईक’ या ओळीपुढे तिनं सही ठोकली. तिची सही म्हणजे गुंतलेला दोरा, कुणाच्या बापाला वाचता यायची नाही. लग्नानंतर आडनावही बदललेलं. खाट क्रमांक बारावरचा माणूस तपासनीस बाईंचा भाऊ आहे, हे ना संचालकांना कळलं, ना ऑफिसात. ताईनंही ते कळू दिलं नाही; भेटायला जायची तीही संचालक नसताना. लाज वाटत होती. भावाची वाटत होती, आणि असल्या वेळी लाज वाटते याचीही.

कार्यक्रम नव्वद दिवसांचा होता. बासष्टाव्या दिवशी, रविवारी, ती भेटायला गेली तेव्हा धाकटा खिडकीशी बसला होता.

“समोरची खाट रिकामी दिसतेय,” ताई म्हणाली.

“शिंप्याची. सुटला तो परवा.”

“अरे वा! बरं झालं.”

“बरं कसलं झालं, ताई? मेला तो. पहाटे झटका आला, डॉक्टर दहाला आले.” धाकटा तिच्याकडे बघत राहिला. “इथं सगळे तसंच म्हणतात. पळाला तरी सुटला, मेला तरी सुटला. संचालक म्हणतात, फॉर्मवर तसंच आहे.”

फॉर्म कुणी बनवला, हे धाकट्याला माहीत नव्हतं. तिनंही सांगितलं नाही.

सोमवारी ती कामाच्या निमित्तानं केंद्रात गेली आणि वॉर्डातल्या सिस्टरकडून रोजची वही मागून घेतली. सिस्टर साधी बाई. जे घडेल ते निळ्या शाईत लिहून ठेवायची. ही वही कुणी वाचत नाही, हे ठाऊक असल्यामुळे ती खरं लिहायची. ताई दिवसभर वही आणि फॉर्म शेजारी ठेवून बसली. यंदा आतापर्यंत नव्व्याण्णव सुटले होते. त्यातले एक्केचाळीस मागच्या भिंतीवरून सुटले होते. नऊ मेले होते. अठ्ठावीस नोंदी पहिल्यांदा सुटून परत आलेल्या आणि पुन्हा सुटलेल्या माणसांच्या, काही तर तीन तीनदा सुटलेल्यांच्या. राहिले एकवीस. ते दरवाजातून, पायानं चालत गेले होते. त्यांचं पुढे काय झालं, हे वहीत नव्हतं आणि समितीला ते विचारायचं कधी सुचलंच नव्हतं.

शंभरला एक कमी आहे, हे संचालकांच्याही ध्यानात आलं होतं. त्यांनी अध्यक्षांना फोन केला, अध्यक्षांनी छापखान्याला. वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर मोठ्ठा ‘१००’ आणि शुक्रवारी केंद्रात समारंभ. शंभराव्या सुटलेल्याला प्रमाणपत्र आणि भिंतीवरचं घड्याळ.

“माणूस निवडलाय,” संचालक ताईला म्हणाले, आवाजात साखर घोळवत. “खाट क्रमांक बारा, मॅडम. तरुण आहे. फोटोत बरा दिसेल.”

“त्याचे नव्वद दिवस कुठे झालेत?”

“सदुसष्ट होतील शुक्रवारी. आता चार दिवस इकडे, चार दिवस तिकडे.”

तेवीस दिवसांना चार म्हणणाऱ्या या माणसाच्या हाती शहरातले तीस जीव होते.

संध्याकाळी ताई धाकट्याकडे गेली. तिला वाटलं होतं, घरी जायचं म्हणून तो खूश होईल. त्याचं तोंड उतरलं होतं.

“ताई, मला एवढ्यात सोडायला नको सांग ना.” तो उठला, नळाशी गेला, पेला काठोकाठ भरला आणि खिडकीपर्यंत चालत आला. वाटेत तीन ठिकाणी पाणी सांडलं. “रोज सकाळी करून बघतो. आलो तेव्हा अर्धा पेला सांडायचा. आता एवढंच. पण सांडतं अजून. हा हात घेऊन मी घरी गेलो ना, तर दुपारपर्यंत या समोरच्या दारूच्या दुकानात असेन. केंद्राच्या दाराबाहेर पाऊल टाकलं की तेच दिसतं. मला माझं माहितेय.”

ताई त्या ओल्या फरशीकडे बघत उभी राहिली. समोरच्या दुकानाचा ना-हरकत दाखला नगरपालिकेतल्या तिच्याच मजल्यावरून निघाला होता. यावेळी मात्र शिव्या द्यायला तिला मनात दुसरं कुणी सापडेना.

शुक्रवारी सगळे जमले. नवा रंग, नव्या चादरी, कापडानं झाकलेलं घड्याळ. समारंभाआधी समितीची छोटी बैठक होती, अहवाल मंजूर करायला. डॉक्टरांचे डोळे मिटत आले होते. अध्यक्ष म्हणाले, “ताई, सही करा आणि चला.”

“मी सही करणार नाही, साहेब.”

इतक्या वर्षांत ताईची जीभ पहिल्यांदाच मनाबाहेर आली होती. तिचं तिलाच नवल वाटलं. तिनं वही उघडली आणि वाचून दाखवलं. भिंतीवरून एक्केचाळीस. मेलेले नऊ, त्यांत गेल्या आठवड्यातला शिंपी. तेच ते अठ्ठावीस. उरलेले एकवीस. “आणि बारा नंबरचा अजून बरा झालेला नाही. तो स्वतः सांगतोय, मला सोडू नका. पाहिजे तर बोलवा, विचारा त्याला.”

आधी बोलले ते मास्तर.

“मुद्दा महत्त्वाचा आहे,” ते चष्मा पुसत म्हणाले. ताईला क्षणभर बरं वाटलं. “सुटणे हे क्रियापद मुळात अकर्मक आहे. त्यामुळे कोण सुटला हे कळतं, कशातून सुटला ते कळत नाही. पण व्याकरणाच्या दृष्टीनं मेलेला माणूसही सुटलाच. फॉर्ममध्ये चूक नाही.”

“ऐकलंत?” अध्यक्ष म्हणाले. “चूक नाही. शिवाय हा विषय आजच्या विषयपत्रिकेवर नाही. आणि काय हो ताई, फॉर्म बनवला कोणी?”

“मी.”

“प्रशस्तिपत्र घेतलं कोणी?”

“मीच घेतलं. चुकलं माझंच. म्हणून तर आज बोलतेय.”

“मग चार वर्षं काय झोपला होतात?”

त्या शब्दावर डॉक्टर दचकून जागे झाले आणि म्हणाले, “मंजूर.”

ताईच्या डोक्यात तिडीक गेली. “साहेब, तो बारा नंबरचा माझा भाऊ आहे. माझा सख्खा धाकटा भाऊ.”

अध्यक्षांच्या चेहऱ्यावर हसू उजळलं. कोंडीत सापडलेल्या माणसाला अचानक मागचं दार दिसावं, तसं. “असं होय! म्हणजे इथे तुमचा वैयक्तिक संबंध आहे. मग तपासनीस म्हणून तुम्हाला या विषयावर मतच देता येणार नाही. ताईंचा आक्षेप कामकाजातून काढून टाका.” संचालकांनी मान डोलावली आणि तो आक्षेप तिथल्या तिथे निकालात निघाला. ताईच्या सहीवाचून अहवालाचं काही अडत नाही, असंही ठरलं. ती नुसती पद्धत होती म्हणे.

मग संचालकांनी मायेनं एक कागद पुढे सरकवला. “बरं झालं बोललात, मॅडम. आम्ही नातेवाइकालाच शोधत होतो. सातव्या नियमाप्रमाणे रुग्णाला सोडताना नातेवाइकाची सही लागते. इथे, या ओळीवर.”

ताईनं कागदाकडे पाहिलं. तपासनीस म्हणून तिची सही कुणाला नको होती. बहीण म्हणून तिच्या सहीशिवाय यांचं पान हलत नव्हतं. सातवा नियमही तिनंच टाइप केला होता, आणि तो एवढाच नियम तिनं धड लिहिला होता.

तिनं पेनाला टोपण लावलं. “नाही करत.”

“अहो ताई, बाहेर फोटोग्राफर थांबलाय.”

“थांबू दे.”

अध्यक्षांनी समजावलं, दटावलं, बदलीचा विषय सहज काढावा तसा काढून पाहिला. ताई हलली नाही. शेवटी सातवा नियम मोडायची हिंमत कुणाची झाली नाही, कारण नियम मोडला तर पुराव्याला कागद राहतो. शंभराव्या सुटलेल्याच्या वतीनं घड्याळ संचालकांनीच स्वीकारलं. फोटोत तेही बरे दिसले.

पण मुखपृष्ठावर शंभर छापून झाले होते. छापलेलं खोटं ठरवण्यापेक्षा माणूस खोटा ठरवणं समितीला सोयीचं वाटलं. त्याच संध्याकाळी फॉर्मवर खाट क्रमांक बारापुढे लिहिलं गेलं, ‘सुटला’. आणि दुसऱ्या दिवशी धाकट्याचं ताट आलं नाही.

“आमचा नाइलाज आहे, मॅडम,” संचालक हळहळत म्हणाले. “कागदावर खाट रिकामी आहे. रिकाम्या खाटेला जेवण कसं द्यायचं? पण सही नाही म्हणून त्याला बाहेरही काढत नाही आम्ही. राहू दे की बापडा.”

ताईनं मग तेवीस दिवसांचं गणित मांडलं आणि डबा घेतला. सकाळी ऑफिसआधी एक, संध्याकाळी ऑफिसनंतर एक. तिची बदली जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर झाली होती. तिथे निदान जन्माचा रकाना वेगळा आणि मृत्यूचा वेगळा होता. टेबलामागचं प्रशस्तिपत्र तिनं काढलं. काच धाकट्यासाठी बाजूला ठेवली आणि कागद डब्याखाली घातला, गळती लागली तर पिशवी खराब व्हायला नको म्हणून.

चादर मिळत नव्हती, ती तिनं घरून नेली. गोळ्या मिळत नव्हत्या, त्या सिस्टर देत होती आणि वहीत लिहीत होती, ‘खाट १२, रिकामी, रात्री नीट झोपला.’ पहिल्या आठवड्यात धाकटा दोनदा चिडला, एकदा रडला, एकदा म्हणाला, “सोड ना ताई, कागदावर तर सुटलोच आहे, जातो निघून.” ताईनं डबा उघडला आणि म्हणाली, “आधी जेव. मग मागची भिंत आहेच.” तो जेवला. भिंतीकडे गेला नाही.

एकविसाव्या दिवशी शंभराच्या आकड्याची कीर्ती ऐकून वरच्या कार्यालयातले साहेब केंद्र बघायला आले. पुन्हा रंग, पुन्हा चादरी. धाकट्याला मागच्या खोलीत घालायचं राहून गेलं, कारण विश्रांतीच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. तो कुठल्याच यादीत नव्हता. ताई सकाळचा डबा घेऊन आली होती, ती दारातच एका बाजूला उभी राहिली.

साहेब कडक होते, निदान चालायचे तरी तसे. एका हातात फॉर्म, दुसऱ्या हातात पेन्सिल. एकेक खाट बघत, खूण करत ते बारा नंबरपाशी आले. त्याच वेळी धाकटा नळाकडून पेला घेऊन येत होता. काठोकाठ भरलेला. अध्यक्ष वाटेत होते, संचालक वाटेत होते. तो त्यांच्या मधून वळसा घालून आला आणि पेला खिडकीत ठेवला. ताईनं फरशीकडे बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरडी होती.

“इथे तर खाट रिकामी लिहिलीय,” साहेब म्हणाले. “मग हा कोण?”

संचालकांच्या तोंडातली साखर पहिल्यांदाच संपली. अध्यक्षांचा हात उगाचच खिशातल्या कात्रीकडे गेला. मास्तर काही बोलणार तेवढ्यात धाकटाच पुढे झाला.

“मी सुटलेला आहे, साहेब. शंभरावा.”

“सुटलास? मग इथे काय करतोयस?”

“बरा होतोय.”

साहेबांनी पेन्सिल उचलली, फॉर्मवर टेकवली आणि हे कुठे लिहायचं ते शोधू लागले. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. मग कागद उलटा करून पाहिला. दारात डबा धरून उभ्या असलेल्या ताईनं मान खाली घातली. ‘बरा’ हा शब्द ज्यात होता तो रकाना तिनंच चार वर्षांपूर्वी काढून टाकला होता.